खरेदीखतातली एक ओळ

अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस शहरात १९१० साली एका जागेची विक्री झाली. दस्त चारचौघांसारखाच आहे. विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, जागेचा तपशील. पण त्यात एक अट घातलेली आहे: ही मिळकत चिनी, जपानी, मूर, तुर्की, नीग्रो, मंगोल किंवा आफ्रिकी रक्ताच्या वा वंशाच्या कोणाही माणसाला कधीही विकायची नाही, गहाण द्यायची नाही की भाड्याने द्यायची नाही. त्या शहरात आजवर सापडलेल्या अशा दस्तांपैकी हा सर्वांत जुना.

मी वकील आहे. नाशिकला बँकांच्या पॅनेलवर राहून गृहकर्जासाठी टायटल सर्च करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तीस वर्षांचा सर्च द्यायचा म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत बसून इंडेक्स टू बघायचे, फेरफार जुळवायचे, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त कोणाचा बोजा आहे, कुळाची नोंद आहे का, एखाद्या बहिणीची सही राहून गेलीय का, हे हुडकायचं आणि शेवटी लिहायचं की टायटल क्लिअर आणि मार्केटेबल आहे. मुलीकडे मिनिॲपोलिसला राहायला गेले तेव्हा तिथल्या विद्यापीठात स्वयंसेवक जुने दस्त वाचतात, असं कानावर आलं. बाहेर बर्फ, घरात वेळ आणि हाताला सवय याच कामाची. मी नाव नोंदवलं.

मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात २०१६ साली ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. कर्स्टन डेलेगार्ड या इतिहासकार आणि त्यांचे नकाशांचे जाणकार सहकारी यांनी तो उभा केला. शहरात कृष्णवर्णीयांना घरं नाकारली जात, हे जुन्या लोकांच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पण नेमकी कुठली घरं, किती आणि कधी, याचा हिशेब कोणी मांडलेला नव्हता. तो दस्तांत होता. काउंटीच्या दफ्तरातली लाखो पानं स्कॅन झालेली होती. संगणक त्यातून ‘नीग्रो’, ‘कॉकेशियन’ असे शब्द असलेली पानं वेगळी काढतो. पण संगणकाचा शब्द शेवटचा नसतो. ते पान माणसं वाचतात, एकमेकांना न विचारता, आणि त्यांचं वाचन जुळलं तरच नोंद पक्की होते. मग लॉट नंबर, ब्लॉक नंबर आणि प्लॉटिंगचं नाव यांवरून ती जागा नकाशावर बसवतात. सर्व्हे नंबरावरून जमीन शोधणाऱ्या माझ्यासारखीला ही रीत नवी वाटली नाही.

अशी पानं वाचताना पोटात कालवतं ते त्यातल्या सुरामुळे. घर रस्त्यापासून इतक्या फुटांवर असावं. बांधकामाचा खर्च अमुक डॉलरांच्या खाली नसावा. इथे कारखाना काढू नये, दारूचं दुकान नको. आणि त्याच ओघात, त्याच टाइपरायटरवर, गोऱ्या वंशाखेरीज कोणी इथे राहू नये. कित्येक ठिकाणी पुढे एक सवलत असते: घरमालकाकडे कामाला असलेला नोकर मात्र राहू शकेल. म्हणजे शेजारात काळा माणूस चालत होता, तो किल्ली स्वतःच्या खिशात घेऊन आलेला चालत नव्हता.

आपल्याकडच्या वाचकाला वाटेल, खासगी दस्तातल्या अटीला एवढं काय घाबरायचं? पण ही अट विकणारा आणि घेणारा यांच्यापुरती नव्हती. ती जमिनीसोबत चालायची. पुढचा खरेदीदार, त्याचे वारस, त्यांचे वारस, सगळे तिला बांधील. मोडली तर शेजारी कोर्टात जाऊ शकत, आणि काही दस्तांप्रमाणे मिळकत मूळ मालकाकडे परत जाई. काही अटी पंचवीस वर्षांच्या मुदतीच्या, काही कायमच्या. १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, नगरपालिकेला वंशावरून वस्त्या ठरवता येणार नाहीत, असा निकाल दिला. तेव्हा बिल्डरांनी आणि घरमालकांच्या मंडळांनी हा खासगी मार्ग आणखी रुंद केला, आणि १९२६ साली त्याच न्यायालयाने तो उचलून धरला. मिनिॲपोलिसमध्ये एडमंड वॉल्टनसारख्या जमीन-व्यावसायिकांनी या अटी प्लॉटमागे प्लॉट घातल्या. आजवर एकट्या शहरात ८,०००हून अधिक दस्तांत त्या सापडल्या आहेत.

या अटींमागे जमाव उभा राहू शकत असे, आणि जिथे दस्तात अट नसे तिथेही तो राही. आर्थर ली टपाल खात्यात नोकरीला होते, पहिल्या महायुद्धात लढून आलेले. १९३१ साली त्यांनी आणि पत्नी इडिथ यांनी कोलंबस ॲव्हेन्यूवर एक लहानसं घर घेतलं. आसपासच्या घरमालकांनी काही वर्षांपूर्वीच आपसात करार केला होता की घरं गोऱ्यांनाच विकायची. जुलैमध्ये त्या घराभोवती हजारोंचा जमाव रोज संध्याकाळी जमू लागला. घरावर कचरा आणि काळा रंग फेकला गेला. मंडळाने घर विकत घेण्याची तयारी दाखवली, लींनी दिली त्याहून जास्त किंमत देऊ केली. लींच्या बाजूने उभ्या राहिल्या लीना ऑलिव्ह स्मिथ. १९२१ साली सनद मिळवलेल्या, मिनेसोटातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री वकील. वकिलीआधी त्यांनी घरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय केला होता, त्यामुळे कुठल्या गल्लीत कोणाला घर दाखवायचं नाही, हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं. त्यांनी जाहीर केलं की ली कुटुंब घर सोडणार नाही. टपाल खात्यातले सहकारी आणि जुने सैनिक पहाऱ्याला बसले. कुटुंब तिथे दोनेक वर्षं राहिलं. २०१४ साली ते घर राष्ट्रीय वारशाच्या यादीत आलं. मी तिथे जाऊन आले. अगदी साधं घर आहे. दोन पायऱ्या चढून दार येतं इतकं रस्त्याला लागून वाटतं, आणि हजारोंच्या गर्दीपासून त्या दारात किती कमी अंतर असेल, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

ही सगळी चार खासगी माणसांची दुष्टाई असती, तर प्रश्न तिथेच संपला असता. धोरण-संशोधनाचं मोल यात आहे की त्याने सरकारची सही शोधून दाखवली. १९३३ साली मंदीत बुडालेल्या घरमालकांना सावरायला सरकारने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ काढलं. त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे बनवले. सर्वांत चांगली वस्ती हिरवी, नंतर निळी, मग पिवळी, आणि ‘धोकादायक’ ती लाल. मूल्यमापनाच्या छापील फॉर्मवर त्या वस्तीत नीग्रो आहेत का आणि असतील तर किती टक्के, यासाठी वेगळा रकाना होता. दुसऱ्या बाजूने १९३४ साली ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’ आलं. ते गृहकर्जाचा विमा उतरवायचं, म्हणून बँका कमी व्याजाने, लांब मुदतीने कर्ज देऊ लागल्या. अमेरिकेतला मध्यमवर्ग घरमालक झाला तो या विम्यावर. आणि त्या खात्याची नियमपुस्तिका सांगत होती की वंशाची सरमिसळ टाळण्यासाठी दस्तात वांशिक अटी असणं इष्ट. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरला गोऱ्यांच्या वसाहतीसाठी असा विमा हवा होता, शेजारी काळ्यांची वस्ती होती. त्याने मध्ये सुमारे अर्धा मैल लांब आणि सहा फूट उंच भिंत बांधली, आणि त्याला मंजुरी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे.

१९४८ साली सेंट लुइसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा अटींची अंमलबजावणी कोर्ट करून देणार नाही. निकाल सहा विरुद्ध शून्य असा लागला. नऊपैकी तीन न्यायाधीश बाजूला झाले होते. कारण त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या स्वतःच्या मिळकतींवर अशाच अटी असाव्यात, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. अटी मात्र दस्तांतून पुसल्या गेल्या नाहीत, नव्याने लिहिल्याही जात राहिल्या. मिनेसोटाने १९५३ साली नव्या अटींना बंदी केली. देशभर घरांच्या व्यवहारातला वंशभेद बेकायदा ठरला तो १९६८च्या एप्रिलमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याने.

इथे आपल्या माणसांविषयी एक गोष्ट बोलणं मला गरजेचं वाटतं. ‘फक्त गोऱ्या वंशासाठी’ या अटीत भारतीयही बसत नव्हते. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस गोरा धरता येणार नाही, असं स्पष्टच सांगितलं होतं. माझी मुलगी आज जिथे राहते तिथे १९४० साली तिला घर मिळालं नसतं. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर आपले डॉक्टर, इंजिनिअर तिथे गेले, आणि तीन वर्षांत घरांचा कायदा आला. तो कृष्णवर्णीयांच्या चळवळीने, तुरुंगवासाने आणि रक्ताने मिळवलेला होता. आपण तयार वाटेने गेलो. तिथल्या मराठी घरांमध्ये ‘त्यांनी मेहनत केली नाही’ असं वाक्य मी जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं आहे. ते वाक्य बोलणाऱ्याने आपल्याच घराचा जुना दस्त एकदा मागवून वाचावा.

त्या ओळीची किंमत डॉलरांत किती? मिनिॲपोलिसच्या दस्तांवर आधारलेला एक अर्थशास्त्रीय अभ्यास २०१९ साली पुढे आला. त्यात वांशिक अट असलेल्या घरांची आजची किंमत, तशी अट नसलेल्या घरांपेक्षा सरासरी १५ टक्के जास्त निघाली. अट मेली, तिने जपलेला भाव जिवंत राहिला. घर हीच तिथल्या सामान्य कुटुंबाची मोठी पुंजी. त्यावर मुलांचं शिक्षण होतं, धंद्याला भांडवल मिळतं, मागे वारसा राहतो. मिनिॲपोलिस–सेंट पॉल परिसरात गोऱ्या कुटुंबांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीयांपैकी सुमारे एक चतुर्थांश. देशभराचा विचार केला तर फेडरल रिझर्व्हच्या २०२२च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक मत्ता २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. आणि ज्यांनी कशीबशी घरं केली होती, त्यांचीही सगळी टिकली नाहीत. सेंट पॉलमधल्या राँडो या कृष्णवर्णीय वस्तीवरून महामार्ग नेला गेला आणि शेकडो कुटुंबं विस्थापित झाली.

संशोधकांमध्ये वाद आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. लाल नकाशांनीच सगळं केलं का? फिलाडेल्फियाच्या अभ्यासातून एमी हिलियर यांनी या नकाशांच्या परिणामाबद्दल शंका घेतली. प्राइस फिशबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की विमा देणाऱ्या खात्याचा भेदभाव या नकाशांच्या आधीच, त्याच्या स्वतःच्या निकषांवर सुरू झाला होता. उलट शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी रंगरेषेच्या दोन्ही बाजूंची घरं ताडून पाहिली आणि लाल बाजूला घरमालकी व किमती मागे पडल्याचं दाखवलं. मला हा वाद मोलाचा वाटतो. दोष कुठल्या खात्याचा, हे नेमकं ठरलं तरच उपाय कुठल्या खात्याने करायचा, ते ठरतं.

अशा वादात आकडे हाती असणं किती गरजेचं असतं, याचं माझ्या धंद्याला जवळचं उदाहरण बँकांचं आहे. १९७५च्या कायद्याने अमेरिकन बँकांना गृहकर्ज कुठल्या वस्तीत दिलं, ते जाहीर करावं लागलं. शिकागोच्या गेल सिंकॉटा यांच्यासारख्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी तो कायदा लावून धरला होता. १९८८ साली अटलांटातले पत्रकार बिल डेडमन यांनी तेच आकडे जुळवून दाखवलं की सारखं उत्पन्न असूनही गोऱ्यांना काळ्यांच्या पाचपट गृहकर्जं मिळतात. बँका म्हणाल्या, उत्पन्न सारखं असेल, पण परतफेडीचा इतिहास, नोकरीतलं स्थैर्य, बाकीची कर्जं, हे तुम्ही कुठे पाहिलंत? आक्षेप योग्य होता. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने मग बँकांकडून प्रत्येक अर्जामागे ३८ जादा बाबी मागवल्या, म्हणजे कर्ज मंजूर करणारा अधिकारी फायलीत जे बघतो ते सगळं. १९९२ साली निष्कर्ष आला: फरक कमी झाला, पण गेला नाही. गोऱ्यांचे अर्ज नाकारण्याचं प्रमाण ११ टक्के होतं. तशीच फाइल कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक अर्जदाराची असेल तर १७ टक्के. मी आयुष्यभर अशा फायलींना अहवाल जोडले आहेत. त्या सहा टक्क्यांत कोणी शिवी दिलेली नसते. कोणाला एक कागद कमी पडला तर फोन करून मागवला जातो, कोणाच्या फायलीवर शेरा मारून ती परत जाते.

या संशोधनाची परंपरा जुनी आहे. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९६–९७मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून हजारो माणसांची माहिती घेतली आणि घरं रंगवून नकाशा काढला. १८९९ साली त्यांचं ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ प्रसिद्ध झालं. गरिबीचं मूळ रक्तात नसून भाड्यात, नोकरीत आणि नकारात आहे, हे त्यांना मोजून दाखवायचं होतं. महाराष्ट्राचं या लढ्याशी नातं त्याहूनही आधीचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. दोघांनाही ठाऊक होतं की अन्यायाचं गाऱ्हाणं पुराव्यानिशी मांडलं नाही तर ते कोणी दाखल करून घेत नाही.

मग पुढे काय केलं? मिनेसोटाने २०१९ साली घरमालकांना आपल्या दस्तातली ही अट औपचारिक नोंद करून रद्द करण्याची सोय दिली. जुना दस्त जागेवरच राहतो, त्याच्यापुढे नवी नोंद लागते. हे मला पटतं. दफ्तरातून पान फाडून इतिहास दुरुस्त होत नसतो. पण त्याने कोणाला घर मिळत नाही. शहराने २०१८च्या डिसेंबरमध्ये नवा आराखडा मंजूर केला. एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर, हा नियम काढून तीन घरांपर्यंत परवानगी दिली. एकेका प्लॉटवर फार तिहेरी घरं काही उभी राहिली नाहीत. मोठ्या रस्त्यांवर अपार्टमेंट मात्र वाढली. २०१७ ते २०२२ या काळात राज्यात इतरत्र भाडी १४ टक्क्यांनी चढली, शहरात १ टक्क्याने. भाडेकरूला याचा फायदा आहे. मालकीतली दरी यातून बुजत नाही. ती बुजवायला पैसा लागतो, आणि इथे अमेरिकन कायदा आडवा येतो, कारण वंश पाहून मदत दिली की कोर्टात आव्हान मिळतं. म्हणून मिनेसोटाने २०२३ साली ‘पहिल्या पिढीचा घरमालक’ हा निकष घेऊन डाउन पेमेंटच्या मदतीची तरतूद केली.

वॉशिंग्टन राज्याने यापुढे पाऊल टाकलं, आणि मला ते सर्वांत नेमकं वाटतं. तिथे २०२३च्या कायद्याने जमिनीच्या बहुतेक दस्तांच्या नोंदणीवर १०० डॉलर जादा शुल्क बसवलं. ज्या कचेरीत ती अट नोंदली गेली, त्याच कचेरीच्या खिडकीवर भरपाईचा पैसा जमा होतो. वाटप करण्याआधी अभ्यास करणं कायद्यानेच बंधनकारक केलं: कोणाला, कसं, किती डावललं, आणि सरकारचा त्यात हात काय, हे आधी सिद्ध करा. त्या अभ्यासातून पात्र गट ठरले. कृष्णवर्णीय त्यात आहेत, मूळ निवासी आहेत, आणि भारतीय वंशाचे लोकही आहेत. अट अशी की अर्जदार किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा, पणजोबा-पणजी यांपैकी कोणी १९६८च्या एप्रिलपूर्वी त्या राज्यात राहत असावं. २०२४च्या जुलैपासून कर्जसाहाय्य सुरू झालं. योजनेविरुद्ध दावाही दाखल झाला आहे, आणि तो अभ्यास हाच योजनेचा मुख्य आधार आहे.

शिकागोजवळच्या एव्हन्स्टननेही असंच केलं. स्थानिक इतिहास जपणाऱ्या दोन संस्थांच्या अभ्यासकांनी शहराच्या जुन्या धोरणांचा अहवाल लिहिला, त्यावर २०२१ साली गृहसाहाय्याची योजना उभी राहिली. पात्र कुटुंबाला २५,००० डॉलर. १९१९ ते १९६९च्या दरम्यान तिथे राहिलेले कृष्णवर्णीय आणि त्यांचे वंशज त्यासाठी पात्र. पहिल्या यादीतले लोक वयाने थकलेले होते, काही जण पैसे हाती पडण्याआधीच गेले.

अडचण येते ती पुराव्याची. ज्यांना घर घेऊच दिलं नाही, त्यांच्या नावावर दस्त कुठून असणार? भाड्याच्या खोलीत राहिलेल्या आजोबांचा मागमूस शाळेच्या दाखल्यात, चर्चच्या वहीत, जनगणनेच्या तक्त्यात सापडला तर सापडतो. सत्तरीतल्या बाईने हे कागद गोळा करत हिंडावं, अशी अपेक्षा मला मान्य नाही. दस्त सरकारच्या ताब्यात आहेत, जनगणनेचे तक्तेही. ते शोधण्याचं काम सरकारने आपल्या माणसांकडून करून घ्यावं आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यात त्याचा खर्च नोंदणीच्या त्या १०० डॉलरांतूनच भागवावा.